पेनिस रिंग : कोणती, किती वेळ, आणि मधुमेह असेल तर? (फक्त प्रौढांसाठी)

पाथर्डी_फाटा
मंडळी, या प्रश्नासाठी मुद्दाम नवा आयडी घेतलाय, समजून घ्या. वय ४८, नोकरी नाशिकमध्येच. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. ताठरता येते, पण टिकत नाही. बायकोशी याबद्दल मोकळेपणाने बोलणं होतं आणि रिंगचं तिनेच सुचवलं. ऑनलाइन एक सेट मागवला. त्यात सिलिकॉनच्या वेगवेगळ्या मापांच्या रिंगा आहेत आणि वर एक स्टीलची चकचकीत रिंग 'फ्री'. सोबतच्या कागदावर चिनी मजकूर आणि एक हसणारा माणूस. त्या हसण्यावरून काही बोध होत नाही.

रिंग किती वेळ ठेवायची? माप कसं ठरवायचं? मधुमेहात चालते का? स्टीलची वापरू की भंगारात देऊ? गल्लीतल्या मेडिकलवाल्याला विचारलं असतं, पण तो मेव्हण्याचा मित्र आहे.

चक्रधर
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संस्कारी
रामकुंडाच्या गावात राहून हे विषय? संपादकांनी धागा उडवावा.

चक्रधर
संस्कारीकाका, रामकुंडाच्या गावाची लोकसंख्या काय गोदामाईने वाहून आणलेली नाही.

संपादक
धागा आरोग्याचा आहे, राहील. भाषा सभ्य ठेवा. विक्रीच्या लिंका दिल्यास आयडी बंद होईल.

अंबडचा_टर्नर
स्टीलच्या रिंगबद्दल आधी बोलतो, कारण लोखंड हा आपला प्रांत. ती वापरू नका. सिलिकॉन ताणलं जातं, कात्रीने कापता येतं. स्टीलची रिंग सैल असताना आत जाते. मग सूज आली की बाहेर यायला वाटच नाही. मोठ्या व्यासाची असली तरी तेच.

आणि काही शहाणे कंपनीतला वॉशर, नट, बेअरिंगची बाहेरची कडी असलं काहीबाही वापरतात. बेअरिंगचं पोलाद हार्डन केलेलं असतं. त्यावर साधी हॅक्सॉ ब्लेड नुसती घसरते. ओ-रिंगांचंही तसंच. आमच्याकडे येतात त्या बहुतेक नायट्राइल रबराच्या, तेलात चालण्यासाठी केलेल्या. अंगाला लावण्यासाठी नाहीत, आणि बारीक असल्यामुळे दोऱ्यासारख्या रुततात.

चक्रधर
टर्नरशेठ, हा अनुभव की निरीक्षण?

अंबडचा_टर्नर
निरीक्षण. आणि तेवढंच पुरेसं होतं.

कॅज्युअल्टी_सिस्टर
टर्नरभाऊंना दुजोरा देते. बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढली आहेत. कुठल्या ते सांगणार नाही. असे पेशंट वारंवार येत नाहीत, पण आले की एक गोष्ट ठरलेली असते : रिंग अडकली रात्री आणि माणूस आला दुसऱ्या दिवशी दुपारी. मधला सगळा वेळ साबण, तेल, बर्फ, आणि 'कोणाला कळलं तर' या विचारात गेलेला. एकाच्या बाबतीत बोटातली अंगठी कापायचं कटर चाललंच नाही, कारण ती टर्नरभाऊ म्हणतात तसली कडी होती. शेवटी बाहेरून ग्राइंडर आणावा लागला. कातडी आणि धातूच्या मधे पत्र्याची पट्टी सरकवायची, वरून सतत थंड पाणी सोडायचं आणि थोडं थोडं कापायचं. धातू इतका तापतो की पाणी थांबवलं तर भाजतं. पेशंट वाचला, अवयवही वाचला, पण जखम भरायला फार वेळ लागला.

आम्ही हसत नाही हो. तुम्ही केसपेपर काढताना खिडकीवर नुसतं 'लघवीचा त्रास, तातडीचं आहे' म्हणा, बाकी आत डॉक्टरांना सांगा. चालवत नसेल तर १०८ ला फोन करा.

निफाडचा_बागाईतदार
बापरे. ताई, द्राक्षाचा घोट घेतला होता तो तसाच राहिला.

चक्रधर
घन की द्रव?

निफाडचा_बागाईतदार
निर्यातीला न गेलेला.

मूत्रमार्गी
यूरॉलॉजिस्ट आहे. इथे कुणाला तपासलेलं नाही, त्यामुळे हा सल्ला सर्वसाधारण समजा.

ताठरता म्हणजे लिंगातल्या दोन स्पंजासारख्या नळकांड्यांत रक्त भरणं. रक्त आणणाऱ्या धमन्या खोल असतात आणि त्यांच्यात दाब जास्त असतो. परत नेणाऱ्या शिरांत दाब कमी. मुळाशी बसवलेली रिंग शिरा दाबते, धमन्या बऱ्याच अंशी चालू राहतात, म्हणून आलेलं रक्त टिकतं. याचा अर्थ रिंग ताठरता आणत नाही, आलेली टिकवते. ज्यांना येते पण लवकर जाते, त्यांनाच तिचा खरा उपयोग. पाथर्डी_फाटा, तुमचं वर्णन त्यात बसतं.

पण अडकलेलं रक्त ताजं राहत नाही. त्यातला ऑक्सिजन संपत जातो. म्हणून वेळेची मर्यादा ३० मिनिटं. नवख्याने २० वरच थांबावं. पुन्हा वापरायची तर मधे किमान एक तास जाऊ द्या. वीर्यस्खलन झालं की वेळ उरला असला तरी काढा. दुखलं, मुंग्या आल्या, बधीर वाटलं, रंग जांभळा-काळपट झाला, की त्याच क्षणी काढा. रिंग घालून झोपायचं नाही. दारू पिऊन वापरायची नाही, कारण मग दुखणंही कळत नाही आणि झोपही लागते.

निफाडचा_बागाईतदार
शेवटचं वाक्य आमच्या तालुक्याला उद्देशून दिसतंय.

अंबडचा_टर्नर
डॉक्टर, म्हणजे पुरवठा चालू आणि परतीच्या लाइनचा व्हॉल्व्ह अर्धा बंद. प्रेशर चढतं, पण आतलं पाणी बदलत नाही.

मूत्रमार्गी
बरोबर. आणि रिंग फार घट्ट असेल तर पुरवठाही बंद होतो.

देवळालीचे_आजोबा
वय ७१. प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनीच व्हॅक्यूम पंप सांगितला. नळकांडं लावून हवा काढायची, रक्त भरलं की त्यावरची रिंग मुळाशी सरकवायची, नळकांडं काढायचं. अमेरिकेत या पंपाला १९८२ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे हे नवं फॅड नव्हे. आमच्या पुस्तिकेतही ३० मिनिटंच लिहिलेली आहेत.

एक सांगतो, जे पुस्तिकेत बारीक अक्षरात असतं. पंपाने आलेली ताठरता रिंगच्या पुढेच असते, मागे नसते. त्यामुळे मुळाशी बिजागरीवर असल्यासारखं हलतं. स्पर्शाला थोडं गार लागतं. रंग किंचित निळसर दिसतो. कधी कधी कातडीवर लाल बारीक ठिपके येतात. पहिल्यांदा हे पाहून आमच्या सौ. घाबरल्या होत्या. वर डॉक्टर म्हणतात रंग बदलला की काढा. मग आम्ही काय रोजच काढायची?

मूत्रमार्गी
आजोबा, चांगला मुद्दा काढलात. पंपात थोडं गार लागणं आणि हलकी निळसर छटा अपेक्षित आहे, कारण शिरांतलं रक्तही ओढलं जातं. नुसती रिंग वापरणाऱ्याला मात्र एवढंही दिसायला नको. दोघांनाही चालणार नाही ते म्हणजे बधिरता, वाढत जाणारी वेदना, काळपट रंग आणि टाचणीच्या ठिपक्यांऐवजी मोठा काळानिळा डाग. पंपासोबतच्या रिंगला बहुधा दोन कान असतात, ओढून पटकन काढण्यासाठी. बाजारातली रिंग घेतानाही तसे कान किंवा बटण बघा.

गोदाताई
इतका वेळ नुसती पुरुषमंडळी बोलताहेत. आम्ही दोघं बटणवाली रिंग वापरतो, टिचकीची. काढायला एक हात पुरतो. टायमर माझ्या मोबाइलवर लागतो, कारण 'आता किती वाजले' हे त्या वेळी ह्यांना विचारण्यात अर्थ नसतो. थरथरणारी छोटी रिंग मेडिकलमध्ये कंडोमच्या शेजारीच मिळते. तिची बटणासारखी बॅटरी मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळली तर अन्ननलिका जळते.

आणि हो, थरथरणारी रिंग असली म्हणून बाईला आवडेलच असं नाही. आधी विचारा. 'सरप्राइज' देऊ नका.

चक्रधर
वहिनी, त्या टायमरला रिंगटोन कुठली?

गोदाताई
प्रेशर कुकरची शिट्टी. हलकट प्रश्नाला हलकट उत्तर.

कॉलेजरोड_९९
माझं वय २६, काहीही त्रास नाही, मित्र म्हणतात रिंगने 'लांब टिकतं'. खरं का?

मूत्रमार्गी
ताठरता टिकायला मदत होते, स्खलन लांबेलच असं नाही. काहींना संवेदना वाढल्याने उलट लवकर होतं. त्रास नसेल आणि मजेसाठी वापरायची असेल तर वापरा, नियम तेच. मित्रांचं एक मात्र ऐकू नका : रिंगसोबत सिल्डेनाफिलची, म्हणजे ताठरता आणणारी गोळी. गरज नसताना दोन्ही एकत्र घेतलं आणि रिंग काढल्यावरही ताठरता चार तास गेली नाही, तर ती इमर्जन्सी असते. सुईने रक्त काढावं लागतं, आत औषध टोचावं लागतं. उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील, तर सिल्डेनाफिलला हातही लावायचा नाही. रक्तदाब एकदम कोसळतो.

सुरगाण्याचा
चार तासांवरून आठवलं. आमच्या भागात सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) खूप. मी आरोग्य विभागात आहे. सिकलसेलच्या मुलांना, तरुणांना असं आपोआप होतं आणि ती पोरं लाजेने कुणाला सांगत नाहीत. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर भागातल्या कुणी हा धागा वाचला तर : सिकलसेल असेल तर रिंग पूर्ण टाळा. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानच चालू आहे. कार्ड मिळालं असेल तर जपून ठेवा, डॉक्टरला दाखवा.

मूत्रमार्गी
फार महत्त्वाचं लिहिलंत. त्यांनी अशा वेळी बर्फही लावायचा नाही. थंडीने त्रास वाढू शकतो.

सप्तरंगी
धागा नवरा-बायकोवरच फिरतोय, आमच्यासारखेही वाचतात म्हणून लिहितो. रिंग एकाकडून दुसऱ्याकडे जाणार असेल तर मधे कोमट पाणी आणि साबणाने धुवा, वाळवा. त्याहून बरं म्हणजे प्रत्येकाची वेगळी. कंडोम दर वेळी नवा. रिंगमुळे ना गर्भ थांबतो ना संसर्ग. जेल पाण्याचं घ्या. सिलिकॉनच्या रिंगवर सिलिकॉनचं जेल लावलं तर पृष्ठभाग चिकट होतो. आणि खोबरेल तेल, जे प्रत्येक मराठी घरात कपाटात असतंच, त्याने लेटेक्सचा कंडोम फाटतो. एचआयव्हीची तपासणी सिव्हिलला मोफत आणि गोपनीय होते. तिथल्या समुपदेशकांशी मी स्वतः बोललो आहे, माणसं नीट वागतात.

गोदाताई
खोबरेल तेलाचं माहीतच नव्हतं. धन्यवाद रे.

संस्कारी
आमच्या वेळी हे काही नव्हतं आणि संसार झालेच.

देवळालीचे_आजोबा
संस्कारी, तुमची वेळ आणि माझी वेळ एकच दिसते. आमच्या वेळी सीबीएसजवळच्या (जुन्या बसस्थानकाजवळच्या) भिंतींवर 'निराश क्यों' रंगवलेलं असायचं, रस्त्याच्या कडेला तंबू, तंबूत बरण्या. ते होतंच की. कित्येकांनी तिथे पगार घालवले.

कायदेपंडित
त्या भिंतींबद्दल : लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्याने बंदी आहे. तरीही भिंती रंगतात, हा वेगळा विषय.

पार्सलबद्दल कुणाच्या मनात भीती असेल तर : अश्लील वस्तूंच्या विक्रीचं कलम पूर्वी भा.दं.वि. २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९४. ते विक्री, वितरण, प्रदर्शन याबद्दल आहे. आयातीवर १९६४ ची जुनी अधिसूचना आहे, तिच्या आधारे कस्टम्सवाले माल अडवतात. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बॉडी मसाजरच्या आयातीच्या प्रकरणात कस्टम्सचं म्हणणं फेटाळलं. तेव्हा घरात एक रिंग आहे म्हणून पोलीस दारात येतील असं समजून घाम फोडू नका.

चक्रधर
पोलीस नाही, पण सोसायटीचा वॉचमन पार्सल हलवून बघतो त्याचं कलम कोणतं?

इंदिरानगर_वैद्य
मूळ कारणाकडे कुणी बघेना म्हणून लिहितो. झोप, व्यायाम, तंबाखू सोडणं, अश्वगंधा. रिंग म्हणजे तात्पुरती मलमपट्टी.

मूत्रमार्गी
पहिल्या तिन्हींशी सहमत. चौथ्याबद्दल एवढंच, की 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या लैंगिक शक्तीच्या गोळ्यांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याची प्रकरणं जगभर सापडली आहेत. वैद्यांनी स्वतः दिलेलं औषध वेगळं, मोबाइलवरच्या जाहिरातीतलं वेगळं.

मूळ कारणाबद्दल मात्र वैद्यबुवा बरोबर आहेत. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. चरबी साठून अरुंद व्हायला लागल्या की लहान आधी तक्रार करतात. मधुमेहाच्या माणसाची ताठरता जाणं ही कधी कधी हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली सूचना असते. रिंगने काम भागलं म्हणून ही सूचना दाबून टाकू नये.

पाथर्डी_फाटा
सगळ्यांचे आभार. स्टीलची रिंग टर्नरभाऊंच्या स्वाधीन करायला तयार आहे. पण दोन प्रश्न अजून अधांतरी : माप आणि मधुमेह.

अंबडचा_टर्नर
माप माझ्याकडे. ताठ असताना मुळाशी दोरा गुंडाळा, लांबी पट्टीवर मोजा, ३.१४ ने भागा. १२ सेंटिमीटर आली तर व्यास ३.८. सिलिकॉन ताणलं जातं म्हणून व्यासापेक्षा थोडी लहान रिंग लागते. पण तुमच्याकडे सेट आहे, तर सुरुवात सगळ्यात मोठीपासून करा. व्हर्नियर वापरू नका, टोकं लागतात.

चक्रधर
व्हर्नियर! हसून हसून पुरेवाट. हा माणूस लीस्ट काउंटही सांगेल.

कॅज्युअल्टी_सिस्टर
मापासोबत हेही : सुरुवातीला फक्त लिंगावर घाला. अंडकोशामागून घालायच्या रिंगा ताठरता असताना काढणं अवघड जातं. मुळाशी केस बारीक करून घ्या, नाहीतर रिंगमध्ये गुंततात आणि ओढताना घाई होते. जेल लावूनच चढवा आणि उतरवा. पहिल्यांदा एकट्याने, जागेपणी, पाच मिनिटं घालून काढून बघा. काढता येते याची खात्री आधी, बाकी सगळं नंतर.

सिलिकॉनची अडकली तर आडवे व्हा, भरपूर जेल लावा, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरा. निघत नसेल तर बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री कातडीच्या बाजूने सरकवून कापा. ती कात्री मेडिकलमध्ये मिळते, आधीच आणून ठेवा. तरीही जमत नसेल किंवा बधिरता असेल तर घरी प्रयोग थांबवून सरळ निघा. दुसऱ्या दिवसाची वाट नको.

मूत्रमार्गी
मधुमेहाबद्दल. सरसकट बंदी नाही. अडचण अशी की जुन्या मधुमेहात नसांवर परिणाम होऊन संवेदना कमी होते. मी वर लिहिलेले 'दुखलं की काढा' वगैरे इशारे तुमच्या शरीराकडून उशिरा येतील किंवा येणारच नाहीत. मणक्याला मार लागलेल्यांचंही तसंच. शिवाय ओरखडा भरायला वेळ लागतो, संसर्ग लवकर होतो. म्हणून तुमच्यासाठी घड्याळ हाच इशारा. २० मिनिटं, त्यापुढे नाही. आणि नंतर उजेडात कातडी बघा. पायाची काळजी घेता ना, तशीच इथली.

त्याआधी डॉक्टरांना भेटून तीन महिन्यांची साखर, रक्तदाब, चरबी आणि ईसीजी करून घ्या. तळव्यांची संवेदना तपासली नसेल तर तीही. लिंगाला वाक आलेला असेल, आत कडक गाठ लागत असेल, तर रिंग नको, आधी तपासणी.

गोदाताई
पाथर्डीभाऊ, बायकोलाही सोबत न्या डॉक्टरकडे. सुचवलं तिनेच आहे, प्रश्नही तिलाच जास्त सुचतील.

पाथर्डी_फाटा
नेतो. ती म्हणते टायमरचं काम तिचं. एक राहिलं, माझी ॲस्पिरिनची ७५ ची गोळी चालू आहे. त्याने काही फरक?

मूत्रमार्गी
हे आधी सांगायला हवं होतंत :) रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर काळेनिळे डाग लवकर पडतात. वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर धोका जास्त, नुसत्या कमी मात्रेच्या ॲस्पिरिनला कमी. जी सर्वात सैल बसते ती वापरा, आणि डॉक्टरांना गोळीचं नाव घेऊन विचारा. या कारणासाठी ॲस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका.

अंबडचा_टर्नर
ती स्टीलची इकडे पाठवून द्या. कुठल्या ग्रेडची आहे बघतो.

चक्रधर
वॉचमनच्या हातून पाठवू नका म्हणजे झालं.